शिल्लक फेकी

बोहारणीशी घासाघीस करताना आपल्याला हवं असलेलं पातेलं आधी हातात घ्यायचं नसतं. आधी डबा उचलायचा, झाकण नीट बसत नाही म्हणून नाक मुरडायचं, मग परात वाजवून बघायची, आणि जुन्या साड्यांचं गाठोडं परत आवरायला घेतल्यावर जाता जाता विचारायचं, "आणि हे पातेलं कसं?" मयूरी धांडेच्या आईचा या कामात अख्ख्या गाडगेनगरात हात धरणारं कोणी नव्हतं. मयूरीने पुढे क्रीडा व्यवस्थापनाची पदवी घेतली, दोन वर्षं परदेशात काढली. पण धंद्यातलं जे काही आपल्याला खरोखर येतं ते आईच्या ओसरीवर शिकलो, असं ती स्वतःच सांगायची.

आता ती अमरावतीच्या बेसबॉल संघाची व्यवहार प्रमुख होती. अमरावती आणि बेसबॉल हे ऐकून कोणाला हसू आलं तर त्याने खुशाल हसावं. शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळणारा हा मुलूख. मयूरीही कॉलेजात कॅचर होती, म्हणजे पिचरने फेकलेला चेंडू बॅटरच्या मागे बसून झेलणारी. अशा मुलखातल्या मैदानांवर पैसा उतरायला इतकी वर्षं लागली, हेच खरं तर नवल होतं. आता आठ शहरांचे आठ संघ होते आणि खेळाडूंना सिनेनटांचा मान होता. बॅटर पैशाला पासरी मिळायचे; अडायचं ते पिचरपाशी. चांगला पिचर असला की बाकीचा संघ यथातथा असून चालतो, आणि तो नसला की बाकीच्यांनी कितीही घाम गाळला तरी व्यर्थ.

हंगामाच्या मध्यावर अदलाबदलीचा आठवडा यायचा. त्या आठवड्यात संघ आपापसांत खेळाडू बदलून घ्यायचे आणि शनिवारी संध्याकाळी पाचला दार बंद व्हायचं. खेळाडूला कोणी विचारायचं नाही. करारच तसा होता. मालक सांगेल त्या गावी बोचकं उचलून जायचं. आणि यंदा अमरावतीचा संघ ऐन रंगात आलेला असताना त्यांचा मुख्य पिचर स्कूटरवरून घसरून गळ्याचं हाड मोडून बसला.

संघाचे मालक दादासाहेब खारोडे यांचा संत्र्याच्या रसाचा कारखाना होता आणि बोलणंही सोलून काढणारं होतं. त्यांनी मयूरीला बोलावून सांगितलं की पिचर पाहिजे, अंतिम सामना पाहिजे आणि त्यासाठी घर धुऊन द्यायचं नाही. गेल्या दोन हंगामांत अमरावती अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावरून परतली होती. यंदाही तसंच झालं तर पुढच्या वर्षी या खुर्चीवर दुसरं कोणीतरी असेल, हेही त्यांनी चहा संपवता संपवता सांगून टाकलं. मयूरीला ती खुर्ची फार प्रिय होती. ती मिळवायला तिने अर्धं आयुष्य घातलं होतं, आणि तिथे बसलेली ती लीगमधली पहिली बाई होती.

आता पूर्वीसारखं असतं तर पिचर घेणं म्हणजे निव्वळ जुगार होता. पिचरचा जीव असतो कोपरात. कोपराच्या आतल्या अंगाला दंडाचं आणि हाताचं हाड बांधून ठेवणारा एक लहानसा पट्टा असतो, अस्थिबंध म्हणतात त्याला. पूर्ण जोराने चेंडू फेकताना त्याच्यावर इतका ताण येतो की प्रत्येक फेकीत त्याचे काही सूक्ष्म धागे तुटतात. विश्रांतीत ते थोडेफार सांधतात, पण पूर्ण सांधत नाहीत. आणि एक दिवस, काही पूर्वसूचना न देता, पट्टा तुटतो. संघ बिचारे चार उमदे खेळाडू देऊन एक पिचर आणायचे आणि दुसऱ्या आठवड्यात तो हात गळ्यात बांधून बसायचा.

मग 'कानोसा' आला. तत्त्व जुनंच होतं. पुलाच्या लोखंडाला, विमानाच्या पंखाला तडा जाण्याआधी आत बारीकबारीक आवाज होतात आणि इंजिनिअर लोक ते ऐकून पुलाचं आयुष्य सांगतात. माणसाच्या अस्थिबंधाचंही तसंच आहे. तुटणारा प्रत्येक धागा आवाज करतो, फक्त तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. कानोसा म्हणजे कोपरावर चढवायची एक पातळ बाही. तिच्यात विणलेले संवेदक हे आवाज टिपायचे, आणि किती धागे गेले, किती उरले याचा हिशोब करून एक आकडा सांगायचे. या हातात पूर्ण जोराच्या अजून किती फेकी शिल्लक आहेत, तो आकडा. दोन वर्षांत तो इतक्यांदा खरा ठरला की डॉक्टरही त्याच्याशी वाद घालेनासे झाले.

लीगने बाही सक्तीची केली आणि प्रत्येक पिचरची शिल्लक रोज सकाळी जाहीर होऊ लागली. त्यातून काय काय झालं ते सांगावं तेवढं थोडं. लग्न ठरवताना मुलीकडचे पत्रिकेआधी शिल्लक विचारू लागले. पिचर लोक पोरांना कैऱ्या पाडून देईनासे झाले; न जाणो, एखादी फेक कैरीत जायची. आणि सगळ्यांना सगळं कळल्यामुळे बाजारात स्वस्त असं काही उरलंच नाही. ज्याची शिल्लक दांडगी त्याचा भाव दांडगा, ज्याची संपत आली तो फुकट. बोहारणीच्या टोपलीतल्या प्रत्येक भांड्यावर जणू कोणी किंमत कोरून ठेवली होती.

मयूरीला नागपूरकडे एक चांगला पिचर दिसत होता. बदल्यात नागपूरला कौस्तुभ बोबडे हवा होता. कौस्तुभ वीस वर्षांचा, अमरावतीच्याच शाळेत घडलेला बॅटर, अजून बाकावरच बसणारा; पण पुढे हा मुलगा मोठा होणार हे आंधळ्यालाही दिसावं. एका अर्ध्या हंगामासाठी असा खेळाडू देऊन टाकणं म्हणजे पैठणी देऊन गाळणी घेणं.

म्हणून ती टोपली पुन्हा पुन्हा उचकत होती, आणि तळाशी तिला अंकुश तायडे सापडला. संघ जळगाव, शिल्लक शंभराच्या आत. म्हणजे भंगार. पण अंकुशला ती ओळखत होती. ती कॉलेजात असताना दर्यापूरहून सायकल आणि एसटी करत येणारा हा पोरगा संध्याकाळी तिच्याकडे चेंडू फेकायचा. तो झेलून तिचा तळवा रात्रभर हुळहुळायचा. ताई ताई करत मागे असायचा, तिच्याच डब्यातलं खायचा. तिने सहज त्याच्या यंदाच्या सामन्यांची चित्रफीत लावली. चेंडूचा वेग तसाच होता. फक्त हात वर नेताना तो कोपराला एक हलकासा झटका द्यायचा. पूर्वी हे नव्हतं. ज्याचा हात तिने हजारो वेळा समोरून पाहिला होता त्याच्याबाबतीत तिची नजर चुकणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाच्या मैदानावर तिने एक बाही स्वतःच्या कोपरावर चढवली आणि जाळीत चेंडू फेकले. आकडा एकेकाने उतरला. मग तिने अंकुशसारखा झटका देऊन, कोपर कट्टकन मोडत फेक टाकली, आणि आकडा धाडकन खाली आला. बोटं मोडताना होतो तो आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या बुडबुड्याचा असतो. त्याने इजा होत नाही. यंत्राला ते शिकवलेलंही होतं, पण हात स्थिर असतानाचं. फेकीसाठी हात वर जात असताना कोपर मोडणारा माणूस बाही बनवणाऱ्यांना कधी भेटलाच नव्हता. त्यामुळे अंकुशच्या प्रत्येक निरुपद्रवी आवाजाला यंत्र धागा तुटल्याचा आवाज समजत होतं.

मयूरी तिथेच गवतावर बसली. लीगमधला कदाचित सर्वांत धडधाकट हात भंगाराच्या भावात पडून होता आणि ते एकट्या तिला ठाऊक होतं. तिला आईची फार आठवण आली.

ती गाडी काढून जळगावला गेली. दाखवायला निमित्त तिथल्या एका बॅटरचं, म्हणजे आधी डबा उचलायचा. अंकुशने तिला मैदानाच्या कडेला पाहिलं आणि चेंडू टाकून धावत आला. जेवल्याशिवाय जाऊच देणार नाही म्हणाला. त्याची बायको सारिका तिथल्याच शाळेत शिक्षिका होती, मुलगी ओवी त्याच शाळेत. दोघी दुपारनंतर येणार होत्या. त्याने स्वतः वांगी भाजून भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी सारिकाने सकाळीच करून ठेवल्या होत्या. जुन्या गोष्टी निघाल्या. मग मयूरीने अगदी सहज, हात धुता धुता विचारलं.

"अंकुश, कोपराले झटका कधीपासून देतोस रे?"

तो ताट उचलत होता. ते तसंच खाली ठेवून त्याने विचारलं, "कोणाकोणाले सांगितलं तू?"

आणि मयूरीला कळलं की याला सगळं माहीत आहे. जे ती वाईट सवय समजत होती ती सवय नव्हतीच.

मग त्याने सांगितलं. जळगावला येण्याआधी चार वर्षांत तो नाशिक, कोल्हापूर आणि नागपूर असा फिरला होता. शिल्लक चांगली, म्हणून प्रत्येक अदलाबदलीत त्याला मागणी. दरवेळी सारिकाची नोकरी सुटायची आणि ओवीची शाळा. तिसऱ्या शाळेत बाईंनी नाव विचारलं तर ओवी गप्प उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, नाव सांगून काय उपयोग, आपण तर जाणारच. त्या दिवशी अंकुशला जेवण गेलं नाही. पुढे जळगावात एकदा फेकताना कोपर चुकून मोडलं आणि आकडा पडला. प्रशिक्षकांचं तोंड उतरलं, आणि त्या अदलाबदलीत त्याच्यासाठी एकही फोन आला नाही. मग त्याने ते चुकून होणारं मुद्दाम करायला शिकून घेतलं. चांगले सहा महिने लागले त्याला.

"आकाशकंदील, ताई," तो म्हणाला. "पयल्यांदा दुसऱ्या वर्षी त्याच खिळ्याले लावला. ओवी आता वर्गाची मॉनिटर हाय. साऱ्या पोराईच्या तक्रारी आणते घरी. लोक मले भंगार म्हणतात, म्हणू दे. फुटकं मडकं कोणी उचलून नेत नाई."

मयूरीला त्याचा राग आला. असा हात देवाने शंभरात एकाला द्यावा आणि त्याने तो कपाटात ठेवून द्यावा. तिने विचारलं, "आणि तुले फेकावंसं नाही वाटत? खरी फेक?"

"रोज वाटते," तो म्हणाला. त्याने खाली ठेवलेलं ताट पुन्हा उचललं. मग म्हणाला, "तू नेलं तर यावंच लागीन मले, ताई. करारच तसा हाय. पन नेऊ नको."

परतताना मयूरीने मलकापूरपर्यंत मनाशी भांडण केलं. दादासाहेबांचा पगार घेते मी, अंकुशचा नाही. घोड्याने गवताशी दोस्ती केली तर खाईल काय? शिवाय हे आज मला दिसलं, उद्या दुसऱ्या कोणाला दिसेल, मग तो जाणारच. सगळे मुद्दे बिनतोड होते आणि एकही तिच्या घशाखाली उतरत नव्हता. आजवर शिल्लकेचे आकडे मांडून तिने कितीतरी जणांना इकडून तिकडे केलं होतं. त्यांच्या मुली कुठल्या शाळेत जातात हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. अकोला आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

शुक्रवारी तिने कौस्तुभ बोबडेला बोलावलं आणि लीगमध्ये कोणी न केलेली गोष्ट केली. नागपूरला जायला आवडेल का, असं विचारलं. पोरगा आधी घाबरला. ताई चिडवत आहेत की काय असं त्याला वाटलं. मग त्याचा चेहरा उजळला. इथे दोन ज्येष्ठ खेळाडूंच्या मागे बाकावर बसून कंबर धरली होती, म्हणाला. तिकडे पहिल्या दिवसापासून खेळायला मिळेल, मावशीचं घरही तिथेच. फक्त दादासाहेबांना वाईट वाटेल म्हणून तो आजवर बोलला नव्हता. शनिवारी दुपारी मयूरीने नागपूरला हो म्हणून टाकलं.

वर्तमानपत्रांनी तिची यथेच्छ टिंगल केली. नागपूरने अमरावतीला गंडवलं, असं मथळ्यातच लिहिलं. दादासाहेब रागाने लाल झाले नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्यांनी लीगची यादी पुढ्यात ओढली आणि बोट ठेवलं.

"हा जळगावचा तायडे काहून नाई घेतला? फुकटात भेटत होता. शंभर नाई तर पन्नास फेकी तरी आपल्या कामी आल्या असत्या."

"त्याचा हात संपला आहे, दादासाहेब," मयूरी म्हणाली. "मी स्वतः पाहून आले."

आकड्याबाबत ती मालकाशी कधीच खोटं बोलली नव्हती. ते इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

नागपूरचा पिचर पैशाला जागला. अमरावती एकेक सामना काढत गेली आणि खरोखरच अंतिम सामन्यात पोचली. समोर जळगाव. सामना अमरावतीच्या मैदानावर होता. दुपारपासून माणूस मावत नव्हता, आणि जळगावहून गाड्या भरभरून लोक आले होते. मयूरी दादासाहेबांच्या शेजारी बसली होती. खुर्ची वाचल्यात जमा होती, आणि जिंकल्यावर तर तिच्या निर्णयाला नावं ठेवणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होणार होती.

शेवटची पाळी आली तेव्हा जळगाव एका धावेने पुढे होतं आणि अमरावतीचे दोन गडी धावेच्या वाटेवर, तळांवर उभे होते; तीन बाद झाले की मात्र खेळ संपणार होता. एक चांगला फटका बसला असता तर संपलंच होतं. जळगावचे पिचर एकामागून एक थकून बाहेर बसले होते. शेवटी त्यांच्या प्रशिक्षकाने बाकाच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे बोट केलं. उरलेल्या फेकी आज नाही वापरायच्या तर कधी, असाच त्याचा हिशोब असणार. अंकुश तायडे उठला आणि मैदानात आला. फलकावर त्याच्या नावापुढचा तो केविलवाणा आकडा झळकला आणि अमरावतीकरांनी टाळ्या पिटल्या.

पहिली फेक बाहेर गेली, दुसरीही. मयूरीने श्वास सोडला. पोरगा शहाणा आहे, तिला वाटलं. असंच दोनचार भिकार चेंडू टाकायचे, हरायचं आणि घरी जायचं. कोणी त्याला बोल लावणार नव्हतं. भंगाराकडून कोण काय अपेक्षा करतो?

अंकुश थांबला. त्याने चेंडू हातात फिरवला, जळगावहून आलेल्या लोकांकडे एकदा पाहिलं. त्यांच्यातली म्हातारी माणसं उभी राहून त्याच्या नावाने ओरडत होती. तीन वर्षं तो त्यांच्याच गल्लीतून भाजी आणत होता. मग त्याने हात वर नेला, सरळ, कुठेही न अडखळता, आणि चेंडू टाकला.

तो चेंडू बॅटरला दिसलाच नाही. पुढचाही दिसला नाही. मैदान हळूहळू शांत होत गेलं आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात आदळल्याचा आवाज वरच्या रांगांपर्यंत ऐकू येऊ लागला. एक बाद झाला, दुसरा बाद झाला. फलकावरचा आकडा प्रत्येक फेकीला फक्त एकाने उतरत होता आणि आता ते सगळ्यांच्या लक्षात येत होतं. आपण काय करतो आहोत हे अंकुशला पुरतं माहीत होतं. आठ संघांची माणसं डोळे फाडून पाहत होती. हा सामना जिंकला की जळगाव त्याचं गाव राहणार नव्हतं. तरी तो टाकत होता. मयूरीला आपला संघ हरतो आहे हे कळत होतं, आणि डोळे भरून आले होते ते मात्र आनंदाने. तिसरा बॅटर बाद झाला आणि जळगावची माणसं कुंपण ओलांडून आत धावली.

दादासाहेबांनी मान वळवली. "तू पाहून आली होती ना याले?"

"पाहून आले होते. हात असाच होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. पण ते मुळात व्यापारी होते. राग आणि लोभ एकदम आले तर त्यांच्याकडे आधी लोभालाच खुर्ची मिळायची. "झालं ते झालं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी आण याले. काय मागतील ते देऊ."

"मी नाही आणणार, दादासाहेब. आणि जो त्याला आणेल त्याला ही खुर्ची द्या."

ती पायऱ्या उतरून खाली आली. नाशिकचा व्यवहार प्रमुख आणि कोल्हापूरचा, दोघेही कानाला फोन लावून गर्दीतून वाट काढत होते. नागपूरवाला तर जवळजवळ पोचलाच होता. मयूरी कॅचर होती. कोणाला कुठे अडवून पुढे व्हायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती सगळ्यांच्या आधी अंकुशपाशी पोचली. तो घामाने निथळत होता, हसतही होता आणि रडतही होता. तिला पाहिल्यावर त्याचं हसू क्षणभर अडलं.

"तू बी न्यायले आली का, ताई?"

"नाही रे," मयूरी म्हणाली. "पाहायले आली."